याच गावचा

आमचे वडील बढाईखोर होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला येऊन सांगायला नको. दानीएल गवंडी बोलायला लागले की नगरचा किल्लाही त्यांना विचारूनच बांधला असावा असं ऐकणाऱ्याला वाटायचं. त्यांनी बांधलेल्या विहिरीच्या कठड्यावरून म्हणे घोडं दौडत गेलं होतं आणि एक खडा हलला नव्हता. केडगावच्या एका बागायतदारानं त्यांचं काम बघून त्यांना जावई करून घ्यायचं ठरवलं होतं म्हणे, तेवढ्यात आमची आई आडवी आली. आई हे ऐकत चुलीत फुंकर घालायची आणि म्हणायची, "मंग जायचं हुतं की. मी काय पाय धरलं हुतं व्हय?"

याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. माणसानं नऊ थापा मारल्या की त्याची दहावी खरी गोष्टही लोक हसण्यावारी नेतात. आणि बाबांची दहावी गोष्ट खरी होती. पारनेर तालुक्याच्या आमच्या भागात ज्या पक्क्या बांधलेल्या विहिरी आहेत, त्यांतल्या बहुतेक त्यांच्या हातच्या. मी लहानपणी त्यांना भाकरी घेऊन जायची, वरून वाकून बघायची, आणि खाली खोल अंधारात एक पांढरं मुंडासं दगडावर दगड बसवताना दिसायचं. त्यामुळं मला माहीत होतं. पण मुलीची साक्ष कोण धरतो?

साक्षीची गरज पडली ती दुष्काळात. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या गावाच्या शिवारात पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. सगळं गाव त्या कामावर गेलं. आई पाट्या वाहायची. बाबा खडी फोडायचे. ज्या माणसानं आयुष्यभर दगडाला आकार दिला तो आता दगडाचा चुरा करत बसायचा, आणि संध्याकाळी रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी खाताना एक शब्द बोलायचा नाही. बढाया बंद झाल्या होत्या. घरात इतकी शांतता मला सोसेना. मी गावच्याच शाळेत मास्तरीण होते, माझ्या पगारावर घर चाललं असतं. पण बाबांचं दुखणं पोटाचं नव्हतंच.

तेवढ्यात बातमी आली की तलावाच्या सांडव्याचं दगडी काम सुरू व्हायचंय आणि खात्याला मिस्त्री हवाय. रोजंदारीवरचा नाही, खात्याच्या पटावरचा. महिन्याचा पगार, हाताखाली माणसं, आणि हे काम संपलं की पुढच्या कामावर बदली. बाबांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या वयात गवंड्याला कुणी विचारत नाही. असली जागा परत चालून येणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

कामावरचे ओव्हरसियर शिंत्रे म्हणून होते. तरुण, उन्हानं रापलेला, बोलायला सरळ माणूस. त्यांच्या तंबूत मी बाबांना घेऊन गेले. बाबांनी तोंड उघडलं आणि मी कपाळावर हात मारायची तेवढी राहिले, कारण त्यांनी सुरुवातच घोड्यापासून केली. शिंत्रे साहेबांनी घोडं कठड्यावरून उतरेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, तुमचे हात बघितले की कळतं. पण मला फाईलला लावायला कागद लागतो. तुम्ही बांधलेल्या एका तरी पक्क्या विहिरीच्या मालकाचा लेखी दाखला आणा. बांधकाम कुणी केलं, कोणत्या साली केलं, खाली मालकाची सही. शनिवारपर्यंत. जामखेडकडचा एकजण सगळे कागद घेऊन बसलाय, शनिवारनंतर मला त्याला नाही म्हणता येणार नाही."

परतताना मी भडकले. "बाबा, एवढी कामं केलीत, एकाकडून तरी चिठ्ठी घ्यायची होती. माणूस आपल्या कामाचा पुरावा जवळ ठेवतो."

"दगड कागदापरीस जास्त टिकतो, मरियम."

"टिकतो. पण फाईलला लावता येत नाही."

यावर ते झपाझप पुढं निघाले. का ते मला तेव्हा कळलं नाही.

दाखला मिळणं इतकं अवघड का होतं, तेही सांगायला हवं. आम्ही ख्रिस्ती. आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती, पण गावानं आम्हाला पूर्वीच्याच जागी ठेवलेलं. विहीर खोदताना, बांधताना बाबा आत चालायचे. पाणी भरलं, पूजा झाली, की त्याच विहिरीच्या कठड्याला त्यांचा हात लागलेला चालायचा नाही. मग आपली विहीर दानीएलनं बांधली हे चारचौघांत सांगायचं कसं? यातून आमच्या गावच्या सूर्यभान पाटलांनी युक्ती काढली होती. अठ्ठावन्न साली त्यांनी मोठी विहीर बांधून घेतली, पुढं सगळं गाव जिचं पाणी प्यायला लागलं ती, आणि सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलं की कारागीर खास पुण्याहून आणलाय. पाटलांनी केलं म्हटल्यावर बाकीच्यांनी का मागं राहावं? पुढं आसपासच्या दहा गावांत ज्यानं ज्यानं विहीर बांधली त्याचा कारागीर पुण्याचा निघाला. आमच्या भागातल्या सगळ्या विहिरी पुणेकरांनी बांधल्या आणि पुण्याहून एक चिटपाखरूही कधी आलं नाही.

आमच्याकडं विहिरीच्या पूजेला गवंड्याला पागोटं बांधायची रीत आहे. पाटलांच्या विहिरीच्या पूजेला बाबांना बोलावणंच नव्हतं. पागोटं तिन्हीसांजेला घरपोच आलं, कागदात गुंडाळून. बाबांनी ते डोक्याला लावलं नाही. आईनं ट्रंकेत ठेवून दिलं.

तरी आम्ही दारोदार गेलो. एक मालक वारला होता, त्याच्या पोरांना काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं चहा विचारला, चहाऐवजी गूळपाणी दिलं, आणि पुण्याच्या कारागिराचं नाव आठवत बसला. शेवटी सूर्यभान पाटलांच्या ओट्यासमोर उभं राहिलो. पाटील वाईट माणूस नव्हता. अडल्यानडल्याला धान्य द्यायचा. पण एकदा बोललेला शब्द गिळायचा म्हटलं की त्याच्या घशात अडकायचा.

"दान्या, तू चिखल कालवायला हुतास," पाटील म्हणाले. "येवढं पायजे तर लिहून देतो."

मी काही बोलणार तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला. आम्ही घरी आलो. बाबा भिंतीकडं तोंड करून निजले आणि मी त्यांच्या पाठीकडं बघत बसले. सूर्यभान पाटलाचा मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी प्रार्थनाही केली नाही, कारण जे मागावंसं वाटत होतं ते देवाकडं मागता येण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी पाटलांचा गडी पळत आला. "बाई, चला. हिरीत लेख गावलाय."

झालं होतं असं. पाटलांच्या विहिरीनंही तळ गाठला होता. आजवर ती कधी आटली नव्हती. गाळ काढायला बन्सी आणि आणखी दोघं खाली उतरले होते. गाळ उपसता उपसता, एरवी कायम पाण्याखाली असणाऱ्या थरात बन्सीला एका दगडावर अक्षरं लागली. बन्सीला वाचता येत नव्हतं. बाकीच्या दोघांनाही नाही. पण दगडावर लेख म्हणजे जवळपास धन पुरलेलं असणार, एवढं शिक्षण गावात सगळ्यांचं झालेलं होतं. बातमी वर आली आणि बघता बघता सगळा गाव विहिरीभोवती जमला. वाचता येणारी मोजकीच माणसं तिथं होती. पाटलांचे गुडघे धरलेले, त्यांना उतरता येईना. आमच्या शाळेतले मोठे गुरुजी पुंजाराम, त्यांना विहिरीत नुसतं वाकून बघितलं तरी गरगरायचं. राहिले मी. धनाच्या ओढीत विहीर बाटण्याची आठवण कुणालाच झाली नाही.

"बाईमानसानं हिरीत उतरायचं?" कुणीतरी म्हणालं.

"मग बाईमाणसाला बोलावलंत कशाला?" मी म्हटलं, पदर खोचला आणि उतरायला लागले.

निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, पुढं शिडी लावली होती. मी उतरत होते आणि हाताला भिंत लागत होती. सांध्यात नख जाऊ नये इतके दगड एकमेकांना भिडलेले. त्या उन्हाळ्यात शिवारातल्या कितीतरी कच्च्या विहिरी पाणी गेल्यावर आतून फुगल्या होत्या, एक-दोन तर ढासळल्या होत्या. ही मात्र तळापर्यंत सरळ उभी होती. हे आपल्या बापाचं काम, असं माझ्या मनात आलं आणि पाटलाचा राग पुन्हा उसळला. तळाशी गार होतं, शेवाळाचा वास होता. बन्सी नारळाच्या शेंडीनं दगड घासत होता.

"ह्यो बगा बाई. धन कुटं हाय त्येवढं सांगा."

मी वाकले. अक्षरं बारीक होती पण स्वच्छ, कोपरा न् कोपरा धारदार. तीन ओळी होत्या.

दानीएल कृपादान.
याच गावचा.
सन १९५८.

मी दगडावर हात ठेवला. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही आलं. इतकी वर्षं घोडी, बागायतदार, किल्ले ऐकवणारा माझा बाप, आणि खरोखर सांगण्यासारखी एकच गोष्ट केली तर ती पाण्याखाली लपवून गप्प बसला.

"बाई," वरून पाटलांचा आवाज घुमला. "काय लिवलंय? मोठ्यानं वाचा, समद्यास्नी ऐकू द्या."

अक्षरं झिजलीत, लागत नाहीत, असं सांगून मी वर येऊ शकले असते. कदाचित शहाणपण तेच होतं. गावाच्या पिण्याच्या विहिरीत आमच्यासारख्याचं नाव म्हणजे काय वादळ उठेल हे मला ठाऊक होतं. पण पाटलांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं, आणि मास्तरणीला मोठ्यानं वाचायला सांगावं लागत नाही. शाळेत हजेरी घेते त्या आवाजात मी वाचलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. विहिरीनं ते उचललं आणि वर नेऊन सगळ्या गावाच्या कानात ओतलं. वर चिडीचूप झालं. ऐकू आलं नसेल कुणाला, म्हणून मी पुन्हा एकदा वाचलं.

मी वर आले तेव्हा पाटलांचं तोंड लालबुंद झालं होतं. माणसं एकमेकांकडं बघत होती. "हीर बाटली की," असं एकजण पुटपुटला. कुणीतरी तलावाच्या कामावर धावत गेलं आणि बाबांना घेऊन आलं. खडीच्या धुळीनं ते नखशिखान्त पांढरे झाले होते. गर्दी बघून त्यांना काय ते कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"दान्या, ह्ये तू कोरलंस?" पाटलांनी विचारलं.

"व्हय."

"कुनाला इचारून?"

"कुनालाच न्हाई." बाबांच्या आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. साधं बोलत होते. "मी खाली थर लावत हुतो, पाटील. वर तुमचं सोयरं आलं हुतं. त्यांनी इचारलं, कारागीर कुटला? तुमी सांगितलं, पुन्याचा. मला समदं ऐकू आलं. हिरीत वरचं बोलनं लई सपष्ट ऐकू येतं. माझ्या हातात छिन्नी हुती."

गर्दीत कुणीतरी खाकरलं. पाटलांच्या पुण्याच्या कारागिराचं खरं काय ते सगळ्यांनाच ठाऊक असणार, पण ते असं तोंडावर आजवर कुणी काढलं नव्हतं.

"छिलून टाक," पाटील म्हणाले. "आत्ताच्या आत्ता छिलून टाक. दुसऱ्या कुनी हात लावला तर चिरा हलायचा. तूच कोरलंस, तूच छिल."

इतक्या वर्षांत बाबांच्या कामाचा एकच पुरावा सापडला होता आणि तो त्यांच्याच हातानं पुसायला सांगत होते. बाबांनी मान वर केली.

"छिलतो," ते म्हणाले. "पर हुकूम लेखी द्या."

"लेखी कशाला?"

"छिन्नीचा घाव बसला, चिरा सैल झाला, उद्या भिंत फुगली, तर तुमी मलाच धरनार. कुनी बांधलंय, कुनी छिलायला सांगितलं, समदं कागदावर यिऊ द्या. मग माझी ना न्हाई."

आणि त्यांनी माझ्याकडं बघून एक भुवई हलवली. एवढीशी. घोड्याची गोष्ट सांगताना, घोडं कठड्यावर चढायच्या आधी, त्यांची तीच भुवई तशीच हलायची. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पिशवीतून कागद काढला, पेन काढलं आणि म्हटलं, "सांगा पाटील, मी लिहिते."

"लिवा काय लिवायचं त्ये," पाटील वैतागून म्हणाले. त्यांना तो दगड कधी एकदा कोरा होतो असं झालं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ लिहिलंय, पण त्या कागदाइतकं जीव लावून काही लिहिलं नाही. विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवला, त्या कठड्याला माझाही हात लागायला नको होता हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि लिहिलं: मी, सूर्यभान पाटील, लिहून देतो की, माझ्या विहिरीचे संपूर्ण पक्के बांधकाम सन १९५८ साली याच गावचे दानीएल कृपादान गवंडी यांनी केले असून, त्यांनी आतील दगडावर कोरलेले स्वतःचे नाव त्यांनीच छिलून टाकावे. तसे करताना बांधकामास इजा झाल्यास त्यांच्यावर जबाबदारी नाही.

पाटलांनी कागद लांब धरून वाचला. "ह्ये संपूर्ण कशाला?"

"अर्धं लिहिलं तर उरलेल्या अर्ध्याची भिंत पडली की कुणाला धरायचं?" मी म्हटलं.

हे त्यांना पटलं. त्यांनी सही केली. मी तारीखही घालून घेतली. बाबांनी कागद हातात घेतला, त्यांना वाचता येत होतं, मिशनच्या शाळेत ते शिकले होते. सावकाश वाचला, घडी केली, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "संबाळ." मग माझ्यामागोमाग वर आलेल्या बन्सीकडून छिन्नी-हातोडा घेतला आणि विहिरीत उतरले.

सगळा गाव कान देऊन उभा राहिला. हातोड्याचा आवाज येईना. बराच वेळ गेला. शेवटी शिडी वाजली, पायऱ्यांवर पावलं वाजली आणि बाबा वर आले. छिन्नी बन्सीच्या हातात दिली.

"झालं?" पाटलांनी विचारलं.

"न्हाई. माझ्यानं व्हत न्हाई. हात जात न्हाई त्येच्यावर." बाबांनी कपड्यांवरची धूळ झटकली. "दुसरा बोलवा कुनीतरी. पुन्याचा बोलवा."

पहिल्यांदा बन्सी हसला. मग त्याच्या शेजारचा. मग हसू असं पसरत गेलं की पुंजाराम गुरुजींनाही उपरण्यानं तोंड झाकावं लागलं. बाया तर पदरात तोंड घालून खाली बसल्या. पाटील एकटे हसत नव्हते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांची म्हातारी आई लंकाबाई, जी इतका वेळ मोटेच्या दगडावर काठी टेकून बसली होती, ती बोलली.

"सूर्या, गप ऱ्हा आता. इतकी वर्सं ह्या नावावरचं पानी पितूया समदा गाव. कुनाचं पोट दुखलं का?"

"आवो आई, पर..."

"पर काय? दोरीला फडकं बांधून ह्येला भाकरी म्याच सोडायची खाली. पुन्याच्या कुना मानसाला म्या भाकरी घातलेली न्हाई. आन् पागोटंबी म्याच धाडलं हुतं, तुजा बाप नगं म्हनत हुता तरी." मग तिनं काठी जमिनीवर आपटली. "ज्यो गाळ काडायचाय त्यो काडा आन् घरी जा. नाव ऱ्हाऊ द्या तितंच."

म्हातारीपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. बाटल्याचं पुटपुटणारा तर कधीच गर्दीत विरून गेला होता. बाबांनी लंकाबाईला लांबूनच हात जोडले. तिनं मान हलवली, जसं काही कालच भाकरी सोडली होती.

आम्ही तिथून घरी गेलो नाही. तडक तंबूत गेलो. शिंत्रे साहेब कंदिलाची काच पुसत होते. मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला. मग कंदील बाजूला ठेवून पुन्हा वाचला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की डोळे पुसायची वेळ आली.

"बाई, मी नोकरीत लागल्यापासून दाखले बघतोय," ते म्हणाले. "माणसाचं नाव पुसून टाका असा हुकूम अनुभवाचा दाखला म्हणून पहिल्यांदाच बघितला."

"त्यात काही कमी आहे का?" मी जरा घाबरतच विचारलं.

त्यांनी बोट ठेवत ठेवत बघितलं. "बांधकाम कुणी केलं, आहे. साल आहे. मालकाची सही आहे. नाव छिलावं की नाही याच्याशी खात्याचा काही संबंध नाही." आणि तो कागद त्यांनी फाईलला लावला. टाचणी कागदातून आरपार गेली ती मी डोळे भरून बघितली.

शनिवारी सकाळी साहेब स्वतः विहिरीवर आले. ओळंबा घेऊन आत उतरले. वर आले तेव्हा बाबांना काका न म्हणता मिस्त्री म्हणाले. "मिस्त्री, पाणी गेल्यावरही भिंत दोऱ्यात उभी आहे. मला सांडवा असाच पाहिजे." बाबा लगेच म्हणाले, "साहेब, हिच्यावरनं घोडं..." मी त्यांच्या पायावर पाय दिला.

आई त्या रात्री रडली. बाबांनी तिला विचारलं, "रडतीस कशाला? केडगावच्या बागायतदाराची आठवन झाली व्हय?" घरात आवाज परत आला होता. मी अंथरुणावर पडून ऐकत होते आणि सुखानं माझा डोळा लागत नव्हता.

पुढं गंमत अशी झाली की उन्हाळा चढला तशा आसपासच्या विहिरीही तळाला गेल्या आणि एकेका गावातून निरोप यायला लागले. कुणाच्या विहिरीत तळाला, कुणाच्या मधल्या थरात, तेच नाव, आणि त्याखाली त्या त्या विहिरीचं साल. बाबांनी पाटलांच्या विहिरीनंतर एकही विहीर सोडली नव्हती. आणि आता दानीएल सरकारी मिस्त्री झाल्यामुळं मालकांचा सूर बदलला. जो आमच्यासमोर पुण्याचं नाव आठवत बसला होता त्यानंच सांगून पाठवलं, "आमची हीर तुमच्या मिस्त्रींनीच बांदलेली बरं का, दाखला पायजे तर सांगा." आई म्हणाली, "आता चुलीला घालायला पायजेत का दाखले?" पण बाबांनी सगळे मागून घेतले. मी त्यांची फाईल केली. रविवारी उपासनेनंतर ते ती फाईल काखेत मारून आमच्या ख्रिस्ती देवळाबाहेर उभे राहायचे आणि लोकांना वाचायला लावायचे. मी काही बोलले नाही. आता त्यांची बढाई कागदावर होती.

सांडव्याचं काम पुरं होत आलं तेव्हा शिंत्रे साहेबांनी शेवटच्या थरातला एक घडीव दगड दाखवला आणि म्हणाले, "मिस्त्री, इथं कामाचं साल कोरायचंय. खाली तुमचं नावही घाला." दुसऱ्या दिवशी बाबांनी आईकडून ट्रंकेतलं पागोटं मागून घेतलं. घड्यांवर पिवळे डाग पडले होते. तेच बांधून ते कामावर गेले आणि दिवसभर त्या दगडापाशी बसले. संध्याकाळी साहेब बघायला आले. मीही शाळा सुटल्यावर गेले होते. दगडावर साल एवढंसं होतं आणि दानीएल कृपादान हे नाव चार हातांवरून वाचता येईल एवढं.

"मिस्त्री, अक्षरं जरा मोठी झाली," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. आजवर पान्याखाली लिवत हुतो, कुनाला दिसू नये म्हनून बारीक लिवलं. ह्ये उनात हाय."

साहेबांनी मान डोलावली आणि तो विषय तिथंच संपवला.

मी मात्र दगड पुन्हा वाचला आणि म्हटलं, "बाबा, 'याच गावचा' राहिलं की."

"जागा उरली न्हाई," बाबा म्हणाले. नाव एवढं मोठं कोरल्यावर कुठून उरणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांत सूर्यभान पाटील आपल्या नव्या व्याह्यांना तलाव दाखवायला घेऊन आले. बाबा खाली, सांडव्याच्या पायथ्याला, हातात छिन्नी घेऊन एका दगडाची कड साफ करत होते. मी वरच्या बाजूला उभी होते. पाटलांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. व्याही दगडी कामावरून हात फिरवत म्हणाले, "काम सुरेख झालंय. कारागीर कुटला?"

खाली छिन्नीचा आवाज थांबला.

पाटलांनी घसा साफ केला. अडकलेला घास उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घेतला. मग म्हणाले, "आमचाच की. याच गावचा. माझी हीरबी त्येनंच बांदलीया."

बाबांनी छिन्नी खाली ठेवली, पागोटं सारखं केलं आणि व्याह्यांना घोड्याची गोष्ट सांगायला वर चढून आले.